तिसरी काच

मे महिना लागला की लातुरात माणसं दुसरं काही बोलत नाहीत. चहाच्या टपरीवर, ऑटोत, दाताच्या दवाखान्यातल्या बाकावर, कुठंही बसा, ‘पोरीचा पेपर कधी हाय’ आणि ‘मागच्या टेस्टला किती पडले’ एवढंच कानावर येतं. डाळमिलांचा बारीक भुसा हवेत तरंगत असतो, डांबर चपलेला चिकटतं, आणि तसल्या उन्हात पाठीवर दप्तरं टाकून पोरं या क्लासातून त्या क्लासात पळत असतात. मी त्यांना जीवशास्त्र शिकवतो. चांगलं शिकवतो म्हणतात. निकालानंतर पालक पेढे घेऊन येतात आणि मी पेढा तोंडात न घालता बाजूला ठेवतो, का ते त्यांना सांगता येत नाही.

परवा उजळणीला प्रतिपिंडांचा धडा होता. फळ्यावर नेहमीसारखा इंग्रजी वाय काढला, त्याची दोन टोकं लाल खडूनं रंगवली आणि दरवर्षीचं वाक्य म्हणालो, ‘हे टोक आपल्या एकाच प्रथिनाला धरतं, दुसऱ्या कुणाला नाही.’ पहिल्या बाकावरच्या पोरीनं हात वर केला. ‘सर, पण त्यालाच धरलंय, दुसऱ्याला न्हाई, हे आपल्याला कळतं कसं?’ मी म्हणालो, ‘ते परीक्षेला येत नाही. लिहून घे गपचूप.’ पोरगी खाली मान घालून लिहायला लागली. एवढा सरळ प्रश्न, आणि मी खेकसलो तिच्यावर. घरी येऊन जेवलो नाही.

कसं कळतं? बाई गं, ह्या एका प्रश्नात माझा एक अख्खा उन्हाळा बुडालेला आहे.

तो उन्हाळा नांदेडचा. गोदावरीचं पात्र आटून शेवाळासारखा वास येत होता, पारा चव्वेचाळिसाला टेकला होता, आणि आम्ही पीएच.डी.ची चारसहा पोरं-पोरी प्रयोगशाळेत पडून असायचो, कारण एसी फक्त तिथंच होता. तोही आमच्यासाठी नाही, सूक्ष्मदर्शकासाठी. खोलीत फॉर्मालिनचा डोळ्यांत झोंबणारा वास, खिडकीला काळा जाड पडदा, कोपऱ्यात घरघरणारा फ्रीज. मुंबईहून औषधं थर्माकोलच्या खोक्यात यायची. खोकं उघडेपर्यंत बर्फाचं पाणी झालेलं असायचं आणि आम्ही त्या पाण्यात तरंगणारी इवलीशी बाटली हळूच उचलायचो. नंतर तेच गार पाणी तोंडावर मारायचो. आमचे मार्गदर्शक सर ओरडायचे. तेवढीच आमची चैन.

आमचं सगळं काम अँटीबॉडीवर चालायचं, पुस्तकात तिला प्रतिपिंड म्हणतात. आपल्याला पेशीतलं जे प्रथिन शोधायचंय ते शेळीला नाहीतर सशाला टोचायचं. त्या जनावराच्या रक्तात त्याला धरणारी अँटीबॉडी तयार होते. ती काढून घ्यायची आणि पेशींवर सोडायची. ती आपलं प्रथिन हुडकून त्याला चिकटते, पण चिकटलेली दिसत मात्र नाही. म्हणून मागून दुसरी अँटीबॉडी सोडायची, जी पहिलीला धरते आणि जिच्या अंगाला चमकणारा रंग लावलेला असतो. मग अंधारात निळा प्रकाश टाकला की जिथं हिरवं दिसेल तिथं आपलं प्रथिन आहे. निदान तसं समजायचं.

अनुताईला जे प्रथिन शोधायचं होतं त्याचं नाव ऑक्ट-फोर. ज्या पेशींचं अजून काहीच ठरलेलं नसतं, ज्या पुढं हाड होतील, मेंदू होतील, नाहीतर काळीज होतील, अशा मूळ पेशींच्या केंद्रकात ते असतं. पेशीनं एकदा वाट धरली की ते नाहीसं होतं. फळ्यासमोर बसलेल्या साठ पोरांकडं बघताना मला कधीकधी ते आठवतं. ह्यांचं मात्र सगळं आधीच ठरवून टाकलेलं असतं.

अनुताई अर्धापूरची, केळीवाल्यांची लेक. माझ्याहून दोन वर्षांनी पुढं. उंच, सावळी, चालताना चपला फटफट वाजवणारी. चार वर्षं ती पहाटे स्कूटीवर कत्तलखान्यात जायची आणि थर्मासमध्ये म्हशींचे बीजांडकोश घेऊन यायची. त्यातून बीजं काढायची, फलित करायची, आठवडाभर वाढवायची आणि त्यातून मूळ पेशी मिळतात का बघायची. बहुतेक वेळा सगळं मरून जायचं. ‘घरी सांगितलंच न्हाई मी,’ ती म्हणायची. ‘आईला वाटतंय मी केळीवरच काम करून राहिले. पोरगी रोज कत्तलखान्यात जाते म्हणलं तर घरात घ्यायची न्हाई मला.’ आणि खदखदा हसायची. मी शाकाहारी डबा आणला की माझ्या डब्यात बोट घालून भाजी चाखायची आणि म्हणायची, ‘प्रशांत, तुझ्या मायच्या हातचं काही येतं तेव्हा सांगत जा रे, हे मेसचं कसलं पाणी खाऊन राहिलास?’

माझी माय रेणापूरला. बा शाळेत शिपाई होते. घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली माझ्या पदव्यांची प्रमाणपत्रं ओळीनं लावलेली आणि शेवटच्या एका चौकटीची जागा बांनी रिकामी ठेवलेली. फोनवर ‘जय भीम’ झालं की त्यांचा दुसरा शब्द ‘डॉक्टर’ असायचा. अजून झालो नव्हतो, तरी. ह्याचं इथं काय काम असं वाटेल. काम आहे, पुढं सांगतो.

त्या एप्रिलच्या शेवटी अनुताईच्या पेशी जगल्या. उंदराच्या पेशींचं अंथरूण घालून त्यावर वाढवलेल्या त्या गोल, घट्ट, कडेला चमकदार कॉलन्या बघायला आम्ही आळीपाळीनं डोळा लावायचो. तिची मुदतवाढ जूनअखेर संपत होती. तोवर प्रबंध गेला नाही तर नोंदणीच रद्द होणार होती, चार वर्षं पाण्यात. प्रबंध लिहून तयार होता. फक्त एकच पान रिकामं होतं. ह्या खरंच मूळ पेशी आहेत याचा पुरावा, ऑक्ट-फोरचा हिरवा फोटो, तेवढा बाकी होता.

आणि नेमकं वादळ झालं. दुपारी चारला आभाळ तांबडं झालं, वीस मिनिटं वारा आणि गारा, आणि अर्धापूरच्या बाजूच्या केळीच्या बागाच्या बागा आडव्या. घड लागलेली झाडं मधोमध मोडून पडलेली. तिचे वडील, ती त्यांना अण्णा म्हणायची, बागेत जाऊन बसले ते उठेनात, बोलेनात. सकाळी ती बॅग घेऊन प्रयोगशाळेत आली. डोळे सुजलेले.

‘तीन काचा तयार हायेत,’ ती म्हणाली. ‘आणि एक डिश जिवंत ठेवलीय, तिला रोज खाऊ घाल. दोन काचांवर दोन्ही अँटीबॉडी लाव. तिसरीवर पहिली लावूच नको, फक्त दुसरी. तिसरी काळी आली पाहिजे. तू करशील ना रे नीट?’

‘हाव ताई. तुम्ही जावा. अण्णांकडं बघा.’

तिसरी काच म्हणजे कंट्रोल. जिच्यावर शोधणारी अँटीबॉडीच नाही ती चमकता कामा नये. चमकली, तर पहिल्या दोघींची चमकही खोटी. परवाच्या त्या पोरीला हे सांगायला मला दोन मिनिटं लागली असती.

अँटीबॉडी सोडण्याआधी पेशींवर कुठल्यातरी जनावराचा सीरम, म्हणजे रक्तातलं पिवळं पाणी, घालून ठेवतात. रांगोळीआधी अंगण सारवतात ना, तसं. खाचाखोचा बुजल्या की अँटीबॉडी भलत्या जागी चिकटत नाही. आमच्याकडं एरवी सगळं सशाच्या अँटीबॉडीचं काम, आणि तिला धरणारी दुसरी शेळीची, म्हणून सारवायला शेळीचा सीरम. वर्षानुवर्षं तीच बाटली. हात आपोआप तिच्याकडं जायचा. पण अनुताईची ऑक्ट-फोरची अँटीबॉडीच शेळीची होती. तिला धरणारी दुसरी होती गाढवाची, शेळीचं जे जे दिसेल त्याला धरणारी. त्यासाठी तिनं गाढवाच्या सीरमची वेगळी छोटी बाटली मागवून फ्रीजच्या दारात ठेवली होती. त्यावरून मीच तिला चिडवलं होतं, ‘ताई, आता गाढवंच राहिली होती आपल्यात यायची.’

आणि मी शेळीचा घातला. मायच्या चार शेळ्या लहानपणापासून राखलेला माणूस मी. अंगण सगळं शेळीनं सारवलं आणि वर शेळी शोधणारी अँटीबॉडी सोडली. ती चिकटणार नाही तर काय करील?

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला पडदा ओढून बघितलं. हिरवंगार. कॉलनी अशी झळाळत होती की मी ओरडलोच. खालच्या उंदराच्या पेशीही थोड्या चमकत होत्या, पण तेवढं होतंच असं म्हणून कॅमेऱ्यावर उजेड कमी केला, मागचं सगळं काळं झालं, कॉलनी तेवढी हिरवी राहिली. फोटो तिला पाठवला. फोन आला. पलीकडं ती रडत होती, मागं कोयत्यानं झाडं तोडल्याचे आवाज येत होते. ‘अण्णा हसले रे प्रशांत,’ ती म्हणाली. ‘दोन दिवसांत पहिल्यांदा. त्यांना काय कळलं असंल, हिरवं दिसलं फक्त. पण हसले.’ सरांनी पेढे मागवले. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, ‘हात चांगला आहे तुझा.’

मग पेढा तोंडात असतानाच मी तिसरी काच लावली.

ती हिरवी होती. तितकीच. मी पहिली काढून परत तिसरी लावली, परत पहिली, परत तिसरी. फरक सांगता येत नव्हता. एका मिनिटात सगळं उमगलं. फ्रीज उघडला, दारात गाढवाच्या सीरमची बाटली होती, बुचावरचं सील तसंच. मी बराच वेळ दार उघडं ठेवून उभा राहिलो. फ्रीज पीं पीं करायला लागला तेव्हा बंद केलं.

सांगायचं होतं. तेव्हाच. तेव्हा काहीसुद्धा बिघडलेलं नव्हतं. डिश जिवंत होती, अँटीबॉडी दोन काचांपुरती उरली होती, पाच दिवसांचं काम. पण बाहेर सर फोनवर कुणाला तरी निकाल सांगत होते, आणि अण्णा हसले होते. गप्प बसायचं हे झालं वरवरचं कारण. खरं कारण दुसरंच. मला ऐकू येत होतं, कुणी बोललेलं नसताना ऐकू येत होतं, की ‘ह्यांचं असंच असतं, जागा मिळते पण हाताला शिस्त नाही.’ बारावीपासून ते वाक्य मी पाठीमागं ऐकत आलो होतो. अनुताई तसं कधीच म्हणाली नसती, तिच्या मनातही आलं नसतं. पण मी तिच्यावर तेवढासुद्धा भरवसा टाकला नाही. आणि अजून एक. बरोबर सीरम घालून परत केलं आणि सगळं काळं आलं तर? चुकीचा निकाल हातात होता तोवर निदान निकाल तरी होता.

चौथ्या दिवशी तिचा फोन आला. बोलता बोलता म्हणाली, ‘तिसरीचा फोटो पण टाक ना. प्रबंधात लावावा लागंल.’

‘काळी हाय ताई,’ मी म्हणालो. ‘काळ्याचा काय फोटो टाकू?’

ती हसली. इतकं सहज निघालं तोंडातून की मलाच नवल वाटलं. खोटं बोलताना घाम फुटतो, जीभ अडखळते म्हणतात, तसलं काही झालं नाही. फोन ठेवून मी डिशला खाऊ घातलं.

मला वाटतं माणूस एका दिवसात खोटा होत नाही. रोज सकाळी उठून दात घासताना आज सांगू असं म्हणतो, आणि दुपारी जेवताना उद्या म्हणतो. नवव्या दिवशी सर म्हणाले, ‘अनुराधाचं काम झालंय ना? इन्क्युबेटर मोकळा करा, नवीन मुलांना जागा पाहिजे.’ मी ‘हो सर’ म्हणालो. त्या ‘हो सर’मध्ये मला बरं वाटलं, हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं. आता परत करायचा प्रश्नच उरणार नव्हता. डिश बाहेर काढली, एकदा बघितली, कॉलन्या टपोऱ्या झाल्या होत्या, आणि ब्लीच ओतलं. वीस मिनिटं थांबायचं असतं, थांबलो. मग मोरीत.

बाराव्या दिवशी ती परत आली, उन्हानं करपलेली, हाताला केळीच्या चिकाचे काळे डाग. आल्या आल्या डिश विचारली. सरांनी काढायला लावली म्हणालो. बॅग खाली ठेवत म्हणाली, ‘आणि तिसरी काळीच होती ना?’ ‘काळीच.’ जूनमध्ये सादरीकरणाच्या आदल्या दिवशी कँटीनमध्ये चहा पिताना तिनं परत विचारलं. बशीत चहा ओतला होता, त्याकडं बघत, अगदी सावकाश. ‘प्रशांत, तिसरी काच कशी होती रे?’

‘काळी, ताई. किती वेळा विचारता?’

ती चहा तसाच ठेवून उठली.

सादरीकरणाला बाहेरचे दोन तज्ज्ञ आले होते. मी दुसऱ्या रांगेत. तिनं सगळं नीट सांगितलं, कत्तलखान्यापासून कॉलन्यांपर्यंत. मग माझा तो हिरवा फोटो पडद्यावर आला. त्याच्या शेजारी तिनं दुसरा फोटो लावला होता, तोही हिरवा. खाली लिहिलं होतं, कंट्रोल.

‘हा माझा कंट्रोल आहे, आणि तो चमकतो,’ ती म्हणाली. ‘सारवायचा सीरम चुकीचा वापरला गेला. त्यामुळं ऑक्ट-फोरचा हा निकाल मी मागं घेते. काम माझं आहे, चूक माझी आहे.’

सर उभेच राहिले. हे आधी का नाही सांगितलं, आता काय तोंड दाखवायचं, असं सगळ्यांसमोर तिला बोलत सुटले. ती खाली न बघता ऐकत होती. तज्ज्ञांतल्या बाई हळू आवाजात म्हणाल्या, ‘पेशी असतील तर पुन्हा करा, आम्ही थांबतो.’ ती म्हणाली, ‘पेशी नाहीत मॅडम.’ मी उठायला हवं होतं. खुर्चीचे हात घट्ट धरून बसून राहिलो.

जून संपला. नोंदणी रद्द झाली. आज ती अर्धापूरलाच एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते असं कळतं. मला दोन वर्षांनी पदवी मिळाली, बांनी ती चौकट लावली, गावात सत्कार झाला. ह्यातलं काही मी कुणाला सांगितलं नाही. त्या पेशी खरंच मूळ पेशी होत्या की नव्हत्या, हेही कुणाला कधी कळणार नाही. माझी काच खोटी होती म्हणून पेशी खोट्या होत्या असं होत नाही ना. कदाचित चार वर्षांत तिला जे पाहिजे होतं ते त्या डिशमध्ये होतंच. कदाचित नव्हतं. हा कदाचित मी तिच्या पदरात टाकला, कायमचा.

त्या दिवशी सादरीकरण संपल्यावर मी जिन्यात तिच्या मागं गेलो. पायऱ्यांवर कोणी नव्हतं.

‘ताई, तुम्हाला कधी कळलं?’

‘आले त्याच आठवड्यात. काचा फ्रीजमध्येच होत्या, बघितली.’ ती कठड्याला टेकून उभी होती. ‘सीरमची बाटली पण बघितली. सीलबंद.’

‘मग बोलला का न्हाई?’

‘तू बोलशील म्हणून थांबले. म्हणून तर काल परत विचारलं.’ आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, मी रडून मोकळा झालो असतो. ‘चूक होते रे. माझ्या हातून बी झाली असती. मला एकच सांग. मी फोनवर पहिल्यांदा विचारलं, चौथ्या दिवशी, तेव्हा डिश होती?’

‘होती.’

‘आणि पेशी?’

आणखी एक खोटं बोलायचं माझ्या जिभेवर आलं होतं. मेल्या होत्या, बुरशी लागली होती, काहीही चाललं असतं, आणि तिला त्यानं बरंच वाटलं असतं. पण मला तेव्हाच खरं बोलायचं सुचलं.

‘चांगल्या होत्या ताई. लई चांगल्या वाढल्या होत्या.’

‘जिवंत होत्या,’ ती म्हणाली, आणि तिथंच पायरीवर खाली बसली.